सकाळी पावणेसातला हंबरणारं स्टिअरिंग

“गाडी गॅरेजला आणली की आवाज बंद होतो” हे वाक्य दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. आमच्या धंद्यात त्यावर मान हलवून गालात हसायची पद्धत आहे. मीही हसायचो.

ही गाडी चौदा वर्षांची, छोटी सेडान, हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, पॉवर स्टिअरिंगची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं निदान फक्त अशा गाड्यांना लागू आहे. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं. त्यात मोटर असते, ऑइलचा पंप नाही, त्याचा बेल्ट नाही, ऑइलची डबी नाही. तरीही अशा गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ‘स्टिअरिंग ऑइल टॉप-अप’ लावलेलं मी दोनदा पाहिलंय. गिऱ्हाईक पैसे देतं, कारण बोनेट उघडून डबी कुठे आहे ते कोणी बघत नाही.

नोव्हेंबरात काका गाडी घेऊन आले, संध्याकाळी सहाला, शहरातून दहा-बारा किलोमीटर चालवून. तक्रार एका शब्दाची: स्टिअरिंगचा आवाज. त्याआधी एका गॅरेजने दोन्ही लिंक रॉड, दोन्ही टाय रॉड एंड (सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे) बदलून वर चाकांचं अलाइनमेंट करून दिलं होतं. जुने पार्ट काकांनी पिशवीत जपून आणले होते. त्यातला एकही ढिला नव्हता. टाय रॉडचा बॉल हाताने हलवायला जोर लागत होता. म्हणजे काम अंदाजपंचे झालेलं.

मी गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं. डावीकडे पाऊण फेरा झाला की ‘टंग्’, सरळ करताना पुन्हा ‘टंग्’. हा आवाज ओळखायला सोपा. एकाने स्टिअरिंग हळू फिरवायचं, दुसऱ्याने पुढच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला वरच्या बाजूने बाहेरून हात टेकवायचा, बोटं वेढ्यांच्या मध्ये घालायची नाहीत. स्ट्रटच्या, म्हणजे ही स्प्रिंग ज्यावर बसते त्या शॉक ॲब्सॉर्बरच्या, डोक्यावरचं बेअरिंग अडकलेलं असेल तर स्प्रिंग आधी पिळली जाते आणि मग एकदम सुटते. तो झटका तळव्याला कळतो. इथे डाव्या बाजूला कळला. बेअरिंग आणि माउंट बदललं. हे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. त्याला स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर लागतो, तोही धड.

‘टंग्’ गेला. गाडी गरम, स्टिअरिंग गुळगुळीत. मी म्हणालो, “आता काही नाही, बिनधास्त चालवा.”

जानेवारीत काकूंचा फोन आला. गाडी मुळात त्याच चालवतात, रोज सकाळी सात वाजता. हे नोव्हेंबरात मी विचारलंच नव्हतं. “दादा, आवाज तोच आहे.” मी म्हटलं, टंग् टंग्? “तो कधीतरी यायचा. मी म्हणते तो सकाळचा. पार्किंगमधून बाहेर पडताना पहिल्या वळणाला गाय हंबरल्यासारखा. कॉलेज रोडपर्यंत गेलं की गप्प.”

पॉवर स्टिअरिंगच्या पंपात हवा गेल्यावर जो आवाज येतो त्याला याहून चांगला शब्द मी कुठल्या मॅन्युअलमध्येही वाचलेला नाही. काकांनी तो ‘आवाज’ एवढ्यावर आणून ठेवला होता, आणि मी पहिला जो आवाज सापडला त्यालाच धरून बसलो होतो.

त्यांना सांगितलं, उद्या मी येईपर्यंत किल्ली लावू नका. नाशिकचा जानेवारी, निफाडचा पारा रोज पेपरात येतो ते दिवस. पावणेसातला पोचलो तेव्हा काचेवर दव होतं आणि इंजिन हाताला गारढोण. अशा वेळी सुरुवातीचे दोन मिनिटच तुमचे असतात. म्हणून आवाज ऐकायच्या आधी जे बघायचं ते बघून घ्यावं.

डबीच्या झाकणाला काडी होती, त्यावर गार आणि गरम अशा दोन खुणा. पातळी गारच्या खुणेत बरोबर. ऑइलचा रंग लाल जाऊन चहाच्या चोथ्यासारखा. बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, साधारण एक सेंटिमीटर दबला, भेगा नाहीत. खाली लादीवर एक थेंब नाही.

मग काकूंना गाडी चालू करायला सांगितलं. ‘गुंऽऽ’ असा बारीक सूर लगेच लागला. स्टिअरिंग डावीकडे नेलं तसा तो खाली उतरून जाड झाला, ‘म्हंऽऽ’, आणि सरळ केल्यावर पुन्हा बारीक. ॲक्सिलरेटर दिला की चढायचा. बेल्ट घसरत असता तर किंचाळी आली असती, तीही बहुधा स्टिअरिंग शेवटच्या टोकाला टेकल्यावर. तरी खात्रीसाठी बेल्टच्या आतल्या बाजूवर पाणी शिंपडलं. फरक शून्य. लांब पेचकसाचं टोक एकेका जागी टेकवून मूठ कानाला लावली. आवाज पंपातच सगळ्यात मोठा. (सैल बाह्या आणि मफलर काढून ठेवा. फॅन कधी लागेल सांगता येत नाही.)

इथे बहुतेक जण “पंप गेला” म्हणून मोकळे होतात. माझ्याही तोंडावर आलं होतं. नवीन पंप साडेनऊ हजार, गिऱ्हाईकही खूश, की एकदाचं कारण सापडलं. पण आवाज पंपात येतो आणि पंपामुळे येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डबीचं झाकण काढलं तर आत फेस. लालसर तपकिरी, ताकावर येतो तसा बारीक. इंजिन बंद करायला सांगितलं आणि नजर पातळीवर ठेवली. ऑइल वर चढलं, जवळजवळ एक सेंटिमीटर. इंजिन चालू असताना आत दाबलेली हवा बंद केल्यावर फुगते, म्हणून पातळी वर येते. पाच मिलिमीटरच्या वर चढली तर सिस्टिममध्ये हवा आहे असं धरतात. ही तपासणी फुकट आहे, तीस सेकंदांची आहे, आणि आजवर एकाही गॅरेजात मी कोणाला करताना पाहिलेलं नाही.

आता हवा शिरते कुठून? पंपाच्या पुढे, रॅककडे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या यंत्रणेकडे, जाणाऱ्या पाइपात प्रचंड दाब असतो, तिथे फट असेल तर ऑइल बाहेर येतं आणि लादीवर दिसतं. डबी ते पंप हा वीतभर रस्ता मात्र ओढीचा. तिथली फट ऑइल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. म्हणून लादी कोरडी, पातळी बरोबर, आणि सगळे फसतात. या रस्त्यात चार जागा: होजच्या (रबरी नळीच्या) दोन टोकांच्या क्लिपा, होजची भेग, पंपाच्या तोंडावरच्या कोपऱ्याखालची, म्हणजे वाकड्या जोडणीखालची, ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी), आणि पंपाच्या शाफ्टचं सील. शेवटचं निघालं तर पंप उतरवावा लागतो. पहिल्या तिघांना नाही.

गाडी पुन्हा चालू. सकाळची गार वेळ हातातून चालली होती. बोटावर घट्ट ग्रीस घेतलं आणि बेल्टपासून हात लांब ठेवून आधी होजच्या दोन्ही टोकांना थापलं. काही नाही. काकू स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हळू हलवत होत्या आणि गाय हंबरत होती. मग कोपरा जिथे पंपावर बसतो त्या सांध्याला गोल फिरवून जाड थर दिला. वीस-पंचवीस सेकंद गेले असतील. आवाज ‘म्हं’ वरच अडखळला, बारीक झाला आणि थांबला. डोळ्यांदेखत ग्रीसचा थर एका जागी आत ओढला गेला आणि तिथे हरभऱ्याएवढा खड्डा पडला. काकूंनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, “काय केलंत?”

दुपारी गाडी निवल्यावर कोपरा काढला. आधी डबीतलं ऑइल जनावरांच्या डॉक्टरांकडे असते तसल्या 50 मिलीच्या सिरिंजने उपसून घेतलं, नाहीतर सगळं अल्टरनेटरवर सांडतं. दहाच्या पान्याचे दोन बोल्ट. ओ-रिंग बाहेर आली ती गोल राहिलीच नव्हती, एका अंगाने चपटी, कापून पाहिली तर आडवा पडलेला ‘डी’. नखाने दाबली तर खूण उमटेना, वाकवली तर केसासारख्या भेगा उघडल्या. आतला व्यास 15.8 मिलिमीटर. या मापाची प्रमाणित रिंग 2.4 जाडीची येते, ही दोनवर आली होती. रबर गार असताना आखडतं, कडक होतं. त्यात गार ऑइल घट्ट, ते ओढायला पंपाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून हवाही जास्त आत येते. दहा मिनिटं चालली की रबर थोडं फुगतं, ऑइल पातळ होतं, फट मिटते. काकांनी संध्याकाळी सहाला आणलेल्या गाडीत हा आवाज असणं शक्यच नव्हतं.

कंपनीची रिंग मागवली तर आठ दिवस. सातपूरला ओ-रिंग आणि ऑइलसीलच्या दुकानात नायट्राइलची (ऑइलात टिकणाऱ्या रबराची), त्याच मापाची, बारा रुपयांना मिळाली. मापासाठी जुनी रिंग नेऊ नका, चपटी रिंग चुकीचं माप देते, खाच मोजा. बसवताना रिंगला नवीन ऑइल पुसायचं, बस. गॅसकेटचा गोंद लावायचा मोह अजिबात नको. त्याचा एक तुकडा आत गेला तर रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. बोल्ट एम-6 आहेत आणि पंप ॲल्युमिनियमचा. दहा-अकरा न्यूटन मीटर पुरे. हात जड असेल तर आटे येतात बाहेर.

ऑइलही बदललं. पुढची बाजू जॅकवर उचलून खाली दोन घोड्या (लोखंडी टेकू) लावल्या, मागच्या चाकांना दगड. परतीचा पाइप डबीवरून सोडून बाटलीत, डबीची ती नळी बुचाने बंद, किल्ली फक्त स्टिअरिंग सुटेल इतकीच फिरवलेली, इंजिन बंद. काका डबीत ऑइल ओतत राहिले, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवत राहिलो. दीड लिटर आणलं होतं, सव्वा लागलं. कुठलं ऑइल ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. कोणाला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, कोणाला कंपनीचं वेगळंच. ब्रेक ऑइल कधीच नाही, त्याने ही सगळी सीलं फुगून खराब होतात. डबीच्या तळाच्या जाळीवर काळा रबरी गाळ होता. डबी काढून नव्या ऑइलनेच खळखळून धुतली.

पाइप परत जोडला. इंजिन बंद ठेवूनच पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत, मग चालू करून पुन्हा हळू, टोकाला दोन-तीन सेकंदांच्या वर धरायचं नाही. बारीक बुडबुडे लगेच निघत नाहीत. गाडी रात्रभर सोडली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला पुन्हा गेलो. हंबरणं नाही. बंद केल्यावर पातळी दोन मिलिमीटर चढली. काकू म्हणाल्या, “झालं की.” काकांनी पैसे विचारले, मी नोव्हेंबरातल्या बेअरिंगची मजुरी वजा करून सांगितले. बेअरिंग खरोखरच गेलेलं होतं, तरीही.

पण स्टिअरिंग उजवीकडे टोकाजवळ नेताना एक बारीक कूं अजून आहे. काकूंना तो ऐकू येत नाही. टोकाला टेकल्यावर प्रेशर व्हॉल्व्ह सुस्कारतो तो वेगळा, तो सगळ्या गाड्यांना असतो. हा त्याच्या आधी येतो. फेसाळ ऑइलात पंपाच्या पात्या धड वंगण न मिळता फिरतात आणि कडा खातात. काकू म्हणतात आवाज गेल्या हिवाळ्यापासूनचा आहे. म्हणजे एक हिवाळा आधीचा, आणि त्यावर नोव्हेंबर ते जानेवारी हे दोन महिने माझ्या ‘बिनधास्त चालवा’चे.

काढलेल्या ऑइलची बाटली गॅरेजच्या फळीवर ठेवली होती. चार दिवसांनी उन्हात धरली. वरचं ऑइल नितळ झालं होतं, तळाला राखाडी साका, आणि हलवली की त्यात चंदेरी धूळ फिरते. बाहेरून चुंबक लावलं की त्यातली बरीच काचेला चिकटून चुंबकाबरोबर सरकते. किती धूळ पहिल्या हिवाळ्याची आणि किती माझ्या दोन महिन्यांची, हे बाटलीवरून सांगता येत नाही. काकूंना फोन करून सांगितलं की एक हजार किलोमीटरनंतर मी पुन्हा सिरिंजने ऑइल काढून बघणार आहे, घरी येऊन, सकाळी. त्यांनी विचारलं, आता तर आवाज नाही, मग कशाला? मी बाटलीबद्दल सांगितलं.

“मग ती बाटलीपण घेऊन या,” म्हणाल्या.