पाळकालाही पाळक लागतो : कृपेकडे परत येतानाचा माझा अनुभव

मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे पास्टर आहे, बरीच वर्षं सेवेत आहे, आणि हे लिहितोय ते मुख्यतः सेवेतल्याच भावाबहिणींसाठी. मंडळीतली माणसं प्रेमाने ऐकतात हो, पण पाळकाच्या आतला कोरडेपणा कसा असतो ते पाळकालाच कळतं. बाहेरून सगळं नीट चालू असतं. रविवारची उपासना, आठवड्याची प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधी, लग्नं, कमिटीच्या मिटिंगा, सगळं. विश्वास गेलेला नसतो. फक्त पवित्र शास्त्र उघडलं की डोकं लगेच संदेशाचे मुद्दे शोधायला लागतं आणि स्वतःसाठी वाचणं कधी बंद पडलं ते आठवतही नाही.

माझ्या संदेशाच्या वहीत तारखेच्या शेजारी किती लोक आले तो आकडा असायचा. पुढच्या आठवड्याची तयारी करायला बसलो की नजर आधी त्या आकड्यावर जायची, मग वचनावर. आकडा चांगला असला की प्रार्थना सोपी जायची, कमी असला की देव आपल्यावर नाराज आहे असं दिवसभर वाटत राहायचं. रविवारी लोकांना सांगायचं की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, आणि सोमवारी स्वतःचा हिशोब कर्मांवरच मांडायचा, असं चाललेलं. सेवेतल्या कितीतरी जणांचं असंच चाललेलं असतं, बोलत कोणी नाही.

सल्ले भरपूर मिळाले. पहाटे आणखी लवकर उठा, उपास धरा, अमुक रिट्रीटला जाऊन या. वाईट काहीच नाही त्यात, पण थकलेल्या माणसाला त्यातला प्रत्येक सल्ला म्हणजे आणखी एक काम.

फरक पडायला सुरुवात झाली ती एका निवृत्त पाळकांमुळे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी त्यांच्यासमोर बसून सेवेत काय काय चाललंय ते सांगायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं, म्हणाले, "सेवेचं नंतर सांग, तू कसा आहेस?" मला पटकन उत्तरच देता येईना. मग त्यांनी बायबलमधलं 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचायला दिला. एलीया संदेष्ट्याचा उतारा. मी त्यावर संदेश दिलेले होते, पण दरवेळी थेट शेवटाकडे, होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलतो त्या मंद वाणीवरच जाऊन पोचायचो. काकांनी मला रतामाच्या झुडपाखालीच थांबवलं. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय झाल्यावर हा संदेष्टा मरण मागतोय, आणि देव काय करतो, तर त्याला झोपू देतो, दूत येतो, हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं, तो खातो आणि परत झोपतो, आणि दूत दुसऱ्यांदा येऊन परत खायला लावतो कारण वाट लांबची आहे. रागावणं नाही, जाब नाही. "तू इथे काय करतोस" हा प्रश्न त्याच्यानंतर बऱ्याच दिवसांनी येतो. देवाच्या सेवकाला देव आधी खायला घालतो, मग विचारतो. हे मला आजवर दिसलंच नव्हतं.

त्यानंतर प्रेषित पौलाचं गलतीकरांस पत्र. काकांची अट एवढीच की हातात पेन घ्यायचं नाही. पेन नसलं की मुद्दे काढता येत नाहीत, आणि मुद्दे काढता आले नाहीत की वचन आपल्याशीच बोलायला लागतं. तिसऱ्या अध्यायात पौल विचारतो की आत्म्याने सुरुवात केलीत आणि आता देहाने पूर्ण करायला निघालात का? मी हे नेहमी सुंता आणि नियमशास्त्राच्या वादापुरतं शिकवायचो, आता ते सरळ माझ्या वहीतल्या आकड्यांना लागू झालं. लूकच्या शुभवर्तमानातल्या 15 व्या अध्यायाचं, येशूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दृष्टांताचंही तसंच. घर सोडून जाऊन परत आलेल्या उधळ्या धाकट्या मुलावर आपण सगळेच बोलतो, पण थोरला मुलगा कुठे असतो बघा, शेतात, कामावर! त्याची तक्रारही सेवेचीच आहे, इतकी वर्षं राबलो आणि मला काय मिळालं. आणि बाप त्याच्यासाठीसुद्धा घराबाहेर येतो, त्याला विनवतो, जे माझं ते सगळं तुझंच आहे म्हणतो. सेवेतल्या माणसांनी हा भाग परत परत वाचावा असं मला मनापासून वाटतं.

पण खरी गाठ सुटली ती पापांगीकाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या वेळी, आणि याबद्दल मला जास्त लिहायचंय. दर रविवारी मंडळीला पापक्षमेचे शब्द मी सांगतो. मला कोण सांगणार? स्वतःचं स्वतःला सांगून बघितलं होतं, पण आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो आणि मन म्हणतं, हे तर तू म्हणतोयस. काका म्हणाले, म्हणूनच तर देवाने हे शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडी ठेवलेत. त्यांनी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं सांगितलं. 1505 साली मठात गेलेला हा माणूस पापकबुली देता देता थकायचा आणि तरी मन शांत होत नव्हतं, श्टाउपिट्झ नावाच्या त्याच्या वरिष्ठाने त्याला स्वतःत खोदत बसण्यापेक्षा ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला लावलं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की पुढे एवढी धर्मसुधारणा झाल्यावरही, विश्वासाने नीतिमान ठरणं जगाला शिकवल्यावरही, ल्यूथर विटेनबर्गच्या पाळकाकडे, बुगेनहागेनकडे, स्वतःच्या पापकबुलीसाठी जातच राहिला. म्हणजे कृपेवर इतकं लिहिलेल्या माणसालाही कृपा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती.

मी गुडघे टेकले. काकांनी डोक्यावर हात ठेवला, वयामुळे तो हात थोडा थरथरत होता, आणि माझं नाव घेऊन म्हणाले की प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. हेच शब्द मी कितीदा उच्चारलेत. पण नाव घेऊन, माझ्यासाठी, आणि त्यात मला काहीही करायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. त्याच दिवशी त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणाची भाकर आणि प्याला, दिलं. मी कायम ताट धरणारा, त्या दिवशी हात पुढे करून घेणारा झालो आणि रडलो.

एक गोष्ट सेमिनरीत, पाळकांच्या शिक्षणाच्या कॉलेजात, परीक्षेपुरती शिकलो होतो ती आता कामाला आली. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातिस्त नावाच्या ख्रिस्ती गटाचे लोक म्हणायचे की पाळक अपवित्र असेल तर त्याने दिलेला बाप्तिस्माही खोटा. तिथल्याच बिशप ऑगस्टिनने उत्तर दिलं की बाप्तिस्मा ख्रिस्त देतो, पाळकाचा फक्त हात. आता हे वाचून पाळकाने कसंही वागावं असं नाही, पण ज्या रविवारी आपण आतून रिकामे असतो त्या रविवारीही मंडळी उपाशी परत जात नाही, हे केवढं मोठं ओझं उतरवणारं आहे बघा.

आणि जॉन वेस्ली, मेथडिस्ट चळवळीचा पुढारी. 1728 ला दीक्षा झालेला पाळक, अमेरिकेतल्या जॉर्जियाला मिशनरी म्हणून जाऊन हताश होऊन परत आलेला. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमध्ये ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत कोणीतरी ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचत होतं ती ऐकताना त्याचं हृदय ऊबदार झालं. लक्षात घ्या, तो तिथे बोलत नव्हता, ऐकत होता.

काही जण म्हणतात कृपा कृपा केलं की पाळक आळशी होतील. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय वाचा, जो आहे तो कृपेने आहे म्हणतो आणि त्याच वाक्यात सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले असंही म्हणतो. माझे श्रम कमी झालेले नाहीत. फक्त त्यांच्यावरून देवाचं मन ओळखायचा प्रयत्न सुटत चाललाय. पूर्ण सुटलाय असं नाही, अजूनही कोरडे रविवार येतात, पण आकडे लिहिणं बंद आहे आणि पेनाशिवाय वाचन चालू आहे.

आणखी एक, झोप लागत नसेल, सतत मरणाचे विचार येत असतील तर डॉक्टरलाही भेटा, त्यात विश्वासाची कमी नाही, एलीयालाही आधी झोप आणि भाकरच मिळाली होती.

बाकी काही जमलं नाही तरी एक माणूस शोधा. शक्यतो आपल्या मंडळीतला नको, कमिटीतला तर नकोच, आणि ज्याच्या हातात तुमची बदली आहे असाही नको. सेवेत मुरलेला, ऐकलेलं पोटात ठेवणारा, आणि तुमच्यासाठी क्षमेचे शब्द मोठ्याने म्हणायला न लाजणारा हवा. आधी फोन करून वेळ ठरवा, त्या दिवशी दुसरी कुठलीही भेट ठेवू नका, आणि जाताना सेवेचा रिपोर्ट घेऊन जाऊ नका.