तुम्ही विचारलंत म्हणून: न दिसता पोहणाऱ्याला भिंत कशी कळते?

ब्रॅड स्नायडर यांचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. अमेरिकी नौदलात ते लेफ्टनंट होते, बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात. ७ सप्टेंबर २०११ला अफगाणिस्तानात स्फोटात त्यांची दृष्टी गेली. बरोबर एका वर्षाने, ७ सप्टेंबर २०१२ला, लंडन पॅरालिम्पिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी जिंकलं.

याला नुसती जिद्द म्हणणं, नुकतीच दृष्टी गेलेल्या इतरांवर अन्याय करणारं आहे. स्नायडर नौदल अकादमीच्या जलतरण संघाचे कप्तान होते. हाताची फेक, श्वासाची लय अंगात मुरलेली होती. पाण्यात हरवल्या त्या दोन गोष्टी: सरळ रेषा आणि भिंत.

रेषेसाठी लेनचा दोर. पूर्ण अंध पोहणारे बहुधा लेनच्या मधोमध न राहता एका दोराच्या जवळून जातात. हात किंवा खांदा त्याला ओझरता लागत राहतो. दोर धरून स्वतःला ओढलं तर बाद. सुरुवातीला बोटं सोलवटतात, आणि त्या धास्तीने माणूस हात आखडता घेतो. मग एक हात कमी ओढतो, शरीर आणखी तिरकं जातं. यावर उपाय एकच: वेग कमी करून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पाण्यात शिरताहेत ना, हे आधी पक्कं करायचं.

भिंतीसाठी टॅपर, म्हणजे भिंत जवळ आली की पोहणाऱ्याला काठीने हलकेच टॅप करून इशारा देणारा माणूस. लांब काठी, टोकाला मऊ गोळा, तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस. एस ११ या पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंध जलतरणपटूंच्या गटात तो सक्तीचा आहे, आणि सर्वांना समान अंधार मिळावा म्हणून काळे केलेले गॉगलही. टॅप डोक्यावर किंवा पाठीवर, पण दर वेळी त्याच जागी हवा. रिओत २०१६ साली स्नायडर यांनी १०० मीटरचा १९८६पासूनचा विश्वविक्रम मोडला, ५६.१५ सेकंदांत. म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर. टॅप अर्धा सेकंद चुकला तर जवळपास ९० सेंटीमीटरचा फरक! लवकर पडला तर वळतानाच्या कोलांटीनंतर पाय भिंतीला पोचत नाहीत, उशिरा पडला तर टाचा किंवा डोकं आपटतं. ५० मीटरच्या तलावात ४०० मीटरला असे आठ टॅप लागतात. म्हणून टॅपर ऐनवेळी बदलू नये. थकल्यावर स्ट्रोक आखूड होतो, आणि तो किती होतो हे रोजच्या माणसालाच ठाऊक असतं.

नंतर ते ट्रायथलॉनकडे वळले. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, सगळं गाईडबरोबर, म्हणजे सोबतच्या डोळस जोडीदाराबरोबर. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकलं ते ग्रेग बिलिंग्टन या गाईडसोबत. टँडेम, म्हणजे दोघांनी एकामागे एक बसून चालवायच्या सायकलचे पुढचे-मागचे पेडल साखळीने जोडलेले असतात. पुढच्याने न सांगता पाय थांबवला की मागच्याच्या गुडघ्याला हिसका बसतो. गिअर, वळण, ब्रेक, सगळं क्षणभर आधी बोलायचं. धावताना दोरीने जोडलेले शेजारचे दोन हात एकत्र पुढे-मागे जायला हवेत, म्हणून एकाचा डावा पाय पडतो तेव्हा दुसऱ्याचा उजवा. गाईडने ओढायचं नाही, आणि अंतिम रेषा खेळाडूच्या आधी ओलांडायची नाही.

नवी जोडी असेल तर सराव रिकाम्या मैदानात टँडेमवर चढण्या-उतरण्यापासून सुरू करा. बहुतेक जोड्या पडतात त्या वेगात नव्हे, थांबताना.