वरच्या बाथरूमची ओल आणि आमचा हॉल

सांगलीत विश्रामबागेतला आमचा टू बीएचके आवरायला आम्ही दीड लाख बाजूला काढले होते. रंग, पडदे, दिवे, टीव्ही युनिट, स्वयंपाकघरातली कपाटं, सगळं त्यातच बसवायचं होतं आणि बसलंही. पडद्यांचं कापड इचलकरंजीहून मीटरवर आणलं आणि गल्लीतल्या शिंपीणबाईंकडून शिवून घेतलं, तयार पडद्यांच्या निम्म्यात काम झालं. सासूबाईंचं लोखंडी कपाट भंगारात न देता रंगवून घेतलं. ते आता नव्यापेक्षा बरं दिसतं.

अडलं ते हॉलच्या एका भिंतीपाशी. वर कोपऱ्यात परातीएवढा ओलीचा डाग. पेंटरने पुट्टीची पट्टी नुसती टेकवली तर गिलावा भिजलेल्या बिस्किटासारखा खाली आला, आत पांढरा खार. "ताई, तुम्ही म्हणाल तर आत्ता मारतो रंग. पण दिवाळीच्या आत पोपडे निघाले तर मला फोन करायचा नाही." वर बरोब्बर तिसऱ्या मजल्याचं बाथरूम. पेंटर सामान उचलून दुसऱ्या कामावर गेला. त्याचंही बरोबरच होतं.

वरच्या भाडेकरू काकू म्हणाल्या, मालकांना विचारा. मालक पुण्याला. फोनवर अगदी गोड, "बघतो हं, शनिवारी येतोच आहे." तो शनिवार काही उजाडेना. मग म्हणाले, ओल तुमच्याच पाइपची असेल. सेक्रेटरींकडे गेले तर ते चहा पाजून म्हणाले, तुमचं तुम्ही मिटवा, सोसायटीचा संबंध नाही. खर्चापुरतं ते खोटं नव्हतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने काढायची असते, संडास-बाथरूमच्या आतली गळती ज्याच्या त्या फ्लॅटवाल्याने. पण म्हणून साधं एक पत्रही मालकांना लिहायचं नाही? माझा अर्ज हातात धरून "पोच कशाला हवी, आपण घरचेच" म्हणाले. घरचे असतील, पण पोच मी घेतलीच. तुम्हीही घ्या.

सुतार, गवंडी माझ्यासाठी खोळंबलेले, हॉलमधलं सामान बेडरूममध्ये रचलेलं, आणि मी रोज खुर्चीवर चढून डाग बघतेय. शेवटी पेन्सिलने डागाच्या कडेने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली, फोटो काढला. तेवढ्यात काकू जत्रेला गावी गेल्या आणि वरचं बाथरूम बंद राहिलं. डाग रेघेच्या आत सरकला. त्या परतल्या, पुन्हा रेघेबाहेर. तारखांसकट फोटो मालकांना पाठवले, सोबत पोच असलेला अर्ज. त्यानंतर शनिवार आला. प्लंबरने नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बांधून फरशीवर पाणी तुंबवलं, तर कडेच्या सांध्यातूनच मुरत होतं. ट्रॅपभोवती वॉटरप्रूफिंग करून सांधे एपॉक्सीने, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पक्क्या भरावाने, भरले. काम एका दिवसाचं!

त्यानंतर घाई करायची नाही. खार ब्रशने झाडून, नवा गिलावा करून, महिनाभर भिंत उघडी ठेवली. मग पुट्टीचे दोन हात, प्रायमर, रंगाचे दोन हात. ओलीवर थेट पुट्टी ओढतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

हो, स्वयंपाकघराचं राहिलंच. सिंकखालच्या कपाटाला प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघूनच घ्या. आयएस ३०३ चा एमआर ग्रेड (नुसत्या दमटपणाला टिकणारा) स्वस्त पडतो, पण सततच्या पाण्यापुढे टिकत नाही. टीव्ही युनिटला तो चालतो, तिथेच पैसे वाचवा. आणि सुताराशी स्क्वेअर फुटावर बोलाल तर लॅमिनेट, कडेपट्टी, बिजागऱ्या धरून की सोडून, ते आधीच कागदावर घ्या.

उरलेला रंग झाकण घट्ट लावून, शेड नंबर लिहून माळ्यावर ठेवलाय. काकूंचा भाडेकरार संपतोय, आता वर कोण येतंय बघू.