लिनक्सवर चित्रं काढायची? आधी टॅब्लेट, मग डिस्ट्रो

क्रिता, मायपेंट, गिंप, इंकस्केप हे चित्रं काढायचे प्रोग्रॅम कुठल्याही बऱ्या डिस्ट्रोवर (उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट अशा लिनक्सच्या तयार संचावर) चालतात, त्यामुळे ‘चित्रकारांसाठी खास’ डिस्ट्रो शोधण्यात फारसा अर्थ नाही. उबुंटू स्टुडिओ किंवा फेडोरा डिझाइन सूट यांत प्रोग्रॅम आधीच भरलेले मिळतात एवढंच. ते काम एरवीही दहा मिनिटांचं आहे. गाडी अडते ती टॅब्लेटपाशी, म्हणजे पेनने चित्र काढायच्या पाटीपाशी. पेनचा दाब कर्नेलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरकडून इनपुटच्या थराकडे, तिथून डेस्कटॉपकडे (खिडक्या आणि मेनू सांभाळणाऱ्या प्रणालीकडे) आणि मग क्रिताकडे जातो. यातल्या कुठल्या टप्प्यावर तो हरवतोय हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

म्हणून इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) बूट करा आणि टॅब्लेट जोडून बघा. डेबियन-उबुंटू घराण्यात ‘लिबइनपुट-टूल्स’ आणि फेडोरात ‘लिबइनपुट-युटिल्स’ हे पॅकेज टाका. मग टर्मिनलमध्ये सुडोसकट (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) ‘लिबइनपुट डीबग-टॅब्लेट’ (sudo libinput debug-tablet) चालवा आणि पेन टेकवा. दाबाचा आकडा ० आणि १ च्या दरम्यान सुरळीत वरखाली होत असेल तर कर्नेलची बाजू ठीक आहे. पुढे काही बिघडलं तर दोष डेस्कटॉपच्या किंवा क्रिताच्या सेटिंगचा. आकडा हलतच नसेल तर क्रिताच्या सेटिंगमध्ये डोकं घालून उपयोग नाही.

वॅकॉम कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो, वेगळं काही उतरवायचं नाही. फक्त मॉडेल बाजारात नवीन आलेलं असेल तर कर्नेलही नवा लागतो. अशा वेळी डेबियन स्टेबल मागे पडतं, फेडोरा बरं. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून नवा कर्नेल निवडता येतो.

ह्युइऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्यांच्या टॅब्लेटबाबत तीन वाटा आहेत: कर्नेलमधला यूसीलॉजिक ड्रायव्हर, कंपनीचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर आणि ओपनटॅब्लेटड्रायव्हर हा स्वतंत्र मुक्त प्रोग्रॅम. एका वेळी एकच. एका म्यानात दोन तलवारी घातल्या की कर्सर उड्या मारतो किंवा दाब अधूनमधून गायब होतो, कारण दोघंही एकाच उपकरणावर हक्क सांगत असतात. ओपनटॅब्लेटड्रायव्हरमध्ये ‘ॲब्सोल्यूट मोड’ ठेवला तर कर्सर छान फिरतो पण दाब पोचत नाही, कारण त्या मोडमध्ये टॅब्लेट माउससारखा वागतो. तिथे ‘आर्टिस्ट मोड’ घ्या आणि पेनच्या टोकाला ‘ॲडॅप्टिव्ह बाइंडिंग’ द्या. ‘दाब चालत नाही’ या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

डेस्कटॉपपैकी माझी पसंती केडीई प्लाझ्मा ६. सिस्टिम सेटिंग्जमधल्या ड्रॉइंग टॅब्लेटच्या पानावर कुठला पडदा, टॅब्लेटचा किती भाग, पेनचं कुठलं बटण हे सगळं वेलँडवरही ठरवता येतं (वेलँड ही खिडक्या पडद्यावर दाखवणारी नवी यंत्रणा, एक्स११ ही जुनी). इंटरनेटवरचे जुने सल्ले ‘एक्ससेटवॅकॉम’ ही कमांड सांगतात. ती वेलँडवर चालत नाही. मिंटचं सिनॅमन मुळात एक्स११वर चालतं, तिथे वॅकॉमसाठी ती अजून कामाची आहे. सिनॅमन आणि एक्सएफसीई या दोन्ही डेस्कटॉपांत ऑल्ट दाबून ओढलं की अख्खी खिडकी सरकते आणि प्रोग्रॅमचे ऑल्टवाले शॉर्टकट मारले जातात. विंडो सेटिंग्जमध्ये ती कळ बदलून सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) करा.

मॅपिंग (टॅब्लेटचा कुठला भाग पडद्याच्या कुठल्या भागाशी जोडायचा ते) मात्र कुठेही असा, पहिल्याच दिवशी करा. १६:१० चा टॅब्लेट शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन फुल एचडी पडद्यांवर पसरला तर हाताने काढलेलं वर्तुळ आडवं दुपटीहून जास्त ताणलं जातं. एका पडद्यावर आणल्यावरही थोडा फरक उरतोच. वॅकॉम इंट्युओस स्मॉलचा चित्रभाग १५२ × ९५ मिमी आहे. १६:९ पडद्यासाठी त्याची उंची ८५.५ मिमीपर्यंत कमी करावी लागते. खालची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी वाया गेली तरी चालेल, हाताचा अंदाज महत्त्वाचा. टॅब्लेटला बोटांचा स्पर्श कळत असेल तर तो बंदच ठेवा.

आता मेमरी. ए४ कागद ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल होतो. रंगाच्या दर चॅनेलला आठ बिट धरले तर पूर्ण भरलेला एक थर (लेयर) सुमारे ३५ एमबी, सोळा बिट धरले तर ७० एमबी. असे ३० थर सोळा बिटला २ जीबीच्या वर जातात, आणि अनडूचा इतिहास वेगळा. क्रिता रिकाम्या भागाला जागा देत नाही, त्यामुळे रेषांचे थर स्वस्त पडतात, रंग भरलेले महाग. १६ जीबी रॅम असेल तर निवांत काम होतं. क्रिताच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की चित्राचा डेटा जिथे ठेवला जातो ती) कुठे आहे तेही बघा. फेडोरात टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर रॅममध्येच असतो. स्वॅप तिथे गेली तर रॅम वाचवायला रॅमच खर्च होते. तिला एसएसडीवरचा फोल्डर द्या.

क्रिता शक्यतो ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) घ्या: फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये चालवण्याची परवानगी दिली की झालं, आणि नवी आवृत्ती पसंत पडली नाही तर जुनी फाइल शेजारी असतेच. उबुंटू २२.०४ पासून पुढे ती उघडत नसेल तर ‘लिबफ्यूज२’ हे पॅकेज टाकावं लागतं (२४.०४ मध्ये त्याच्या नावापुढे ‘टी६४’ लागतं). फ्लॅटपॅकही (प्रोग्रॅम टाकायची दुसरी पद्धत) चांगलं, पण ते ब्रश आणि सेटिंग स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतं. एकावरून दुसऱ्यावर गेल्यावर ‘माझे ब्रश उडाले’ असं वाटतं ते यामुळे. ‘मॅनेज रिसोर्सेस’मधून तो फोल्डर उघडून त्याची प्रत आधीच काढून ठेवा.

दाबाचा वक्र (पेन किती दाबला की किती दाब धरायचा ते ठरवणारी रेषा) सगळ्यात शेवटी, क्रिताच्या टॅब्लेट टेस्टरमध्ये रेघोट्या ओढत लावा. डेस्कटॉपमध्ये एक आणि क्रितात दुसरा असे दोन वक्र एकावर एक चढवू नका. हलक्या हाताच्या रेघा पूर्ण गायब होऊ शकतात. आणि रंग निवडत बसण्याआधी नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) बंद आहे ना, बघा.