घोडी आडवी होईना

शिगम्यात आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घोडेमोडणी नाचतात. कमरेला लाकडी घोडे बांधणारे पुष्कळ, खरा घोडा पाळलेला मात्र आमच्या वाड्यावर कुणीच नाही. पुतण्याच्या हौसेपायी वाळपईजवळच्या आमच्या बागायतीत घोडी आली, तेव्हा मी तिला गाईसारखीच बांधली. गोठ्यात, हातभर दाव्याने.

आठवडाभर ती उभीच. घोडे उभ्याने झोपतात हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे मी निवांत. नवव्या दिवशी पहाटे डुलकीत तिचे पुढचे पाय एकदम दुमडले, तोंडावर आपटता आपटता सावरली. बघतो तर खुरांच्या वरच्या सांध्यांवर समोरून कातडं सोललेलं. आईने दृष्ट काढली. मी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

त्यांनी पायांआधी दावं बघितलं. "अहो, अशी बांधल्यावर ती आडवी होणार कशी?"

मग कळलं ते असं: घोड्याच्या मागच्या पायात गुडघ्याची वाटी हाडाच्या उंचवट्यावर अडकते आणि पाय कडी घातल्यासारखा ताठ राहतो. अंगाला फारसे कष्ट नाहीत, धोका दिसला की लगेच पळता येतं. पण ही नुसती डुलकी. स्वप्नांच्या झोपेत स्नायू पार सैल पडतात, त्यासाठी जमिनीवर पडावंच लागतं. ती झोप दिवसाला साधारण अर्धा तासच लागते, तीही तुकड्यातुकड्यांनी. पण बरेच दिवस चुकली की उभ्याउभ्या तोल जातो.

दावं सोडलं. लादी निसरडी म्हणून लाकडाच्या गिरणीतला भुसा जाड पसरला. तरी दोन रात्री ती उभीच, एक कान रानाकडे, एक दाराकडे. चूक तिचीही नव्हती. म्हादईचं रान आमच्या कुंपणाला लागून, बिबट्या वाड्यावरची कुत्री उचलतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, नाकासमोरचं आणि शेपटीमागचं थोडं सोडलं तर सगळीकडचं दिसतं. कळपात कुणीतरी उभं राहून पहारा करतं, म्हणून बाकीचे बिनघोर आडवे होतात. इथे कळप म्हणजे ती एकटी. शेजारी गाई खुशाल रवंथ करत बसलेल्या, पण त्यांच्या पहाऱ्यावर तिचा भरवसा नसावा!

शेवटी किनाऱ्यावर मुलांना फिरवणाऱ्या एकाकडून म्हातारं तट्टू उसनं आणलं. पहिले दोन दिवस घोडीने त्याला चावायला कमी केलं नाही. पाचव्या रात्री भुशात काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून उठलो. घोडी कुशीवर, मान लांब टाकलेली, ओठ थरथरतायत, खूर हवेत हलतायत. तट्टू बाजूला एक मागचा पाय सैल सोडून उभं. आईला दाखवावं म्हणून वळलो आणि चप्पल वाजली. तट्टाचा कान माझ्याकडे फिरला. घोडीचा नाही.

तट्टूवाल्याचे दोन फोन येऊन गेले. मी अजून उचललेला नाही.