तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा ओढा पुन्हा कधी वाहणार?

सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या कुठल्याही गावात गेले की चहा येण्याआधी हा प्रश्न येतो. "म्याडम, आमचा वढा कवा वाहायचा?" विचारणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो, कारण शिमग्यापर्यंत वाहणारा ओढा त्यानेच पाहिलेला असतो. तरुण सरपंच तेच जरा वेगळं विचारतात: "मॅडम, जेसीबी कधी लागणार?" दोघांनाही वाटतं की आपण एकच गोष्ट विचारतोय. मला तसं वाटत नाही.

आधी माझं काम सांगते. मी जिल्हा परिषदेत पाण्याचं नियोजन करते, म्हणजे लोक ज्याला 'लपा' म्हणतात ते लघु पाटबंधारे. 100 हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव, पाझर तलाव, सिमेंट नाला बांध, कोल्हापुरी बंधारे आणि आता ओढ्यांचं पुनरुज्जीवन, एवढा आमचा पसारा. कोयना, धोम, उरमोडी या मोठ्या धरणांशी आमचा काही संबंध नाही. कोयनेचे 105 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आम्हीही तुमच्यासारखेच पेपरात वाचतो. आमचा हिशोब सहस्र घनमीटरात चालतो. 10 लाख लिटर म्हणजे 1 सहस्र घनमीटर, आणि एक टीएमसी व्हायला असे 28 हजारांहून जास्त लागतात.

तर उत्तर. ओढा कधी वाहणार हे ओढ्यात उभं राहून कळत नाही. पौषात, ऊस-कांद्याला पाणी चालू असताना, ओढ्याकाठच्या विहिरीत डोकावून बघायचं. विहिरीतलं पाणी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेल तर ओढा वाहतो. खाली असेल तर नाही. पावसाळ्यातला लोंढा सोडा, तो कुठल्याही ओढ्याला येतो. पाऊस गेल्यावर ओढ्यात जे पाणी दिसतं ते काठच्या जमिनीतून झिरपून आलेलं असतं. म्हणून ओढ्यात काय खोदलं यापेक्षा काठावर किती उपसलं याला जास्त महत्त्व. हे सांगितलं की बैठकीत शांतता पसरते, आणि मग कुणीतरी पुन्हा जेसीबीचं विचारतो.

जेसीबीवर माझा राग नाही. गाळ काढायला त्याच्याइतकं कामाचं यंत्र नाही. पण गाळ काढणं वेगळं आणि ओढा खोल करणं वेगळं. 2014 च्या डिसेंबरात सरकारचं जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, तेव्हापासून नाला खोलीकरण हा शब्द गावोगावच्या आराखड्यांत पहिल्या ओळीवर जाऊन बसला. नाले खोल करून पाणी मुरवलं म्हणून सगळे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं नाव घेतात. पण शिरपूर तालुक्याचा मोठा भाग तापीच्या गाळावर वसलेला आहे. आपल्याकडे आहे तो बसाल्ट, थरावर थर. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या खडक तर कुठे सलग काळा कातळ. आपलं पाणी साठतं ते मुरमात आणि मांजऱ्यात. ओढ्याच्या तळातला मुरूम खरवडून काढला म्हणजे पाणी धरून ठेवणारा थरच ट्रॉलीत भरून दिला. कातळ लागेपर्यंत खणलं तर पाणी नुसतं उभं राहतं. चैत्र-वैशाखात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या उन्हाने दिवसाला 8-10 मिलिमीटर खाली जाते. फोटोत मात्र ते फार छान दिसतं.

याहून वाईट प्रकार काठावर होतो. तळ दोन-तीन मीटर खाली गेला की दोन्ही बाजूंच्या उथळ विहिरींचं पाणी त्या चराकडे ओढलं जातं. दिवाळीनंतर खोल केलेल्या ओढ्यात पाणी दिसतं, गाव खूश होतं, आणि ज्याची विहीर पूर्वी मार्चपर्यंत टिकायची तो जानेवारीतच आडवं बोअर मारायला मशीन बोलावतो. म्हणून खोलीकरण करायचंच तर तुकड्यातुकड्याने करायचं, मध्ये मूळ तळाचे उंचवटे ठेवायचे आणि मुरूम संपत आला की थांबायचं. हे थांबणं अवघड असतं. मशीन तासावर चालतं आणि खोदाई घनमीटरवर मोजली जाते. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, घनमीटर लिहिता येतो. काठावर लावलेली करंज, उंबर, निर्गुडी नाहीतर वाळ्याची गादी घनमीटरात बसत नाही. त्यात निधी 31 मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे आणि काम जूनच्या आत संपलं पाहिजे. अशा घाईत कुठलं काम निवडलं जाईल हे तुम्हीच ओळखा.

आता पाण्याचा ताळेबंद. हा भाग मी ग्रामसभेत फळ्यावर मांडते. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 घनमीटर पाणी होतं. समजा गावाचं शिवार 1,000 हेक्टर आणि पाऊस 450 मिलिमीटर. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या घरात पडतो, तिथून शंभरेक किलोमीटरवर माणातल्या दहिवडीला एवढाच. तर गावावर 45 लाख घनमीटर पाणी पडलं. आकडा ऐकून लोकांना बरं वाटतं. पण त्यातलं बरंचसं मातीतून, गवतातून, पिकातून हवेत जातं आणि काही वाहून जातं. आपल्या खडकात जमिनीखाली मुरतं ते शंभरातलं दहाच्या आसपास. म्हणजे साडेचार लाख घनमीटर. पाटाने पाणी दिलेल्या एका हेक्टर उसाला वर्षाला साधारण 20 हजार घनमीटर लागतं. भागाकार करा. सगळ्या गावाचं मुरलेलं पाणी 22-23 हेक्टर उसात संपलं. पिण्याला, जनावरांना, ज्वारीला, डाळिंबाला आणि ओढ्याला शून्य.

इथे हमखास कुणीतरी म्हणतो, "मग आम्ही ऊस लावायचाच नाही का?" पीक सांगणं माझं काम नाही आणि ते माझ्या हातातही नाही. 22 हेक्टर ऊस आणि वाहता ओढा ही दोन्ही उत्तरं एकाच पाण्यातून निघत नाहीत, एवढंच मी सांगू शकते. ठिबकवर ऊस नेला तर आकडा कमी होतो. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी चार एकर ऊस लागतो, हेही मी पाहिलेलं आहे. भूजलाचा 2009 चा कायदा आहे, त्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर-बोअर घ्यायला मनाई आहे. 60 मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. गावात बोअर किती फुटांवर चालू आहेत ते तुम्हीच मला सांगता, आणि अभिमानाने सांगता.

ओढा आटला त्याला वाळूही कारण आहे. म्हातारी माणसं सांगतात, वाळूत हातभर झिरा काढला की उन्हाळ्यातही घागर भरायची. ती वाळू म्हणजे झाकलेलं पाणी होतं, त्याला ऊन लागत नव्हतं. वाळू गेली, उघडा तळ राहिला आणि त्यावर वेडी बाभूळ आली. वाळूवरून आठवलं. येरळा आपल्या खटावातून निघते आणि खाली सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. तिच्याच काठी, खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा धरण बांधलं. ठेकेदारांच्या वाळूउपशाविरुद्ध ते लढले, आणि मर्यादित वाळू स्वतः विकून धरणाला पैसा उभा केला. मला त्यातलं जास्त आवडतं ते वेगळंच: पाणी कसं वाटायचं हे त्यांनी आधी ठरवलं, आणि त्या वाटपात भूमिहीनांनाही वाटा धरला. आमच्याकडे बंधाऱ्याला प्रशासकीय मान्यता लागते, तांत्रिक मान्यता लागते, वाटपाला कसलीच मान्यता लागत नाही. बंधारा झाला की ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी.

शिवारफेरीत आणखी एक मजा असते. गावनकाशात ओढा चांगला रुंद असतो, जागेवर गेलं तर उडी मारून ओलांडता येतो. दोन्ही बाजूंनी दरवर्षी नांगराची एकेक ओळ आत सरकलेली असते. सातबारावर ओढ्याखालचं क्षेत्र 'पोटखराबा ब' म्हणून वेगळं दाखवलेलं असतं, त्यावर पीक घ्यायचं नसतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे जे ओढे-नाले कुणाच्या खासगी मालकीचे नाहीत ते सरकारचे. कागद असा स्वच्छ आहे. पण मोजणी आणायची म्हटलं की भावकी उभी राहते. "त्याचं आधी मोजा, मग माझं." मग परतीच्या पावसात एका रात्रीत ओढा आपली जुनी जागा मागायला येतो आणि कुणाचातरी कांदा घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला मलाच बोलावतात.

या परतीच्या पावसाचं गणित पश्चिमेकडच्या लोकांना कळत नाही. जुलैत कोयना भरत असते तेव्हा माणात धूळ उडत असते. आमचा भरवसा उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसावर. त्यामुळे कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालणं हा आमच्याकडे जुगार असतो. साधारण 15 ऑक्टोबरच्या सुमारास बर्गे घालायचे असं ठरलेलं. लवकर घातले आणि मागून लोंढा आला तर पाणी बंधाऱ्याच्या बाजूने काठ फोडून जातं, बंधारा मध्येच उभा आणि ओढा शेजारून. उशीर केला तर अडवायला पाणीच नाही. शिवाय बर्गे ठेवायचे कुठे, राखायचे कुणी, घालायला मजूर कुणी द्यायचे, रबर गेलं तर पैसे कुणी काढायचे? लोखंडी बर्गे भंगारात चांगल्या भावाने जातात, एवढं सांगितलं तरी पुरे. नवा बंधारा मागणाऱ्या गावाला मी पहिला प्रश्न विचारते: जुन्याचे बर्गे दाखवा. बऱ्याच अर्जांचा निकाल तिथेच लागतो.

मग आम्ही करतो काय? माथ्यापासून सुरुवात. डोंगरउतारावर सलग समतल चर, घळीत अनगड दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, आणि ओढ्याला हात सगळ्यात शेवटी. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने 2016 साली पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप जिंकला, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं, वेगळं सांगायला नको. ओढ्यात बुटके बांध बरे, उंच एकच नको. काठावर दोन्हीकडे थोडी पट्टी मोकळी सोडली तर उत्तम, पण ती मिळते क्वचितच.

यात खालच्या गावाची तक्रार येते, तीही खोटी नसते. वरच्या गावाने डोंगरावर चर काढले की खालच्या तलावात येणारा लोंढा कमी होतो. आमचे जुने तलाव आखले गेले ते स्ट्रेंजच्या तक्त्यावर. मुंबई इलाख्यातल्या त्या इंजिनिअरने किती पावसाला किती पाणी वाहून येतं याची कोष्टकं करून ठेवली, ती आम्ही अजून उघडतो. त्या तक्त्याला तुमचे चर माहीत नाहीत. म्हणून आता आराखडा गावाचा नको, ओढ्याचा हवा, माथ्यापासून संगमापर्यंत. पण पैसे गावाच्या नावाने येतात आणि ओढ्याला ग्रामपंचायत नसते.

"पण येरळा तर उन्हाळ्यातबी वाहिली की!" हेही ऐकते. वाहिली. जिहे-कठापूर योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून नेर तलावात आणि पुढे बोगद्यातून माणात आंधळीच्या तलावात येतं, खाली सांगलीकडे टेंभू उपसा योजनेचं पाणी येतं. ते पाणी आलं याचा मला आनंदच आहे. पण ते विजेवर चढून आलेलं पाणी आहे. वीजबिलाचे 81 टक्के सरकार भरतं आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे. पंप बंद झाला की चार दिवसांत पात्र उघडं पडतं. विहिरी भरलेल्या असत्या तर पडलं नसतं. त्या पाण्याने विहिरी भरून घ्यायच्या की आणखी ऊस वाढवायचा, हा प्रश्न आता माणात आलाय, आणि बहुतेक ठिकाणी उसानं तो सोडवलासुद्धा.

तेव्हा कधी वाहणार? माथ्याचं काम नीट झालं, दोन पावसाळे बरे गेले आणि बोअर वाढले नाहीत, तर विहिरींची पातळी आधी सुधारते. ओढा त्याच्या मागून महिना-पंधरा दिवसांनी पुढे सरकतो: आधी दिवाळीपर्यंत, मग संक्रांतीपर्यंत. शिमग्याचं वचन मी कुणाला देत नाही.

गावाचं नेमकं उत्तर हवं असेल तर ओढ्याकाठच्या चार विहिरी निवडा, कठड्यावर रंगाने खूण करा आणि दोरीला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा. भूजल सर्वेक्षणवाले ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असं चार वेळा मोजतात, तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा. वही घेऊन मला बोलवा. फक्त 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला नको, तेव्हा आभाळ भरलेलं असतं, ओढ्यात गढूळ का होईना पाणी असतं आणि कुणी ऐकत नाही. 1 मेच्या ग्रामसभेला येते.