पुरे

मुलांच्या वॉर्डात मला ‘शीरवाल्या सिस्टर’ म्हणायचे. कुणाला शीर सापडली नाही की मला हाक. एकवीस वर्षं हा मान मी मिरवला, आणि खरं सांगायचं तर देवापुढेही मिरवला.

दीड वर्षापूर्वी उजवा हात कापायला लागला. आधी चहाचा कप हलायचा, मग सुई. डॉक्टर म्हणाले, इसेन्शियल ट्रेमर. जिवाला धोका नाही, गोळीने कमी होईल, पण जाईलच असं नाही. कुणी बघत असलं की जास्तच कापतो. वॉर्डात मी अवाक्षर काढलं नाही. मनगट कॉटच्या कठड्याला टेकवून वेळ मारून न्यायचे. रात्री मात्र देवाशी एकच भांडण: हे काढ.

एप्रिलमध्ये, द्राक्षाच्या खरड छाटणीच्या दिवसांत, दिंडोरीकडून एक बाळ आलं. आठ महिन्यांचं, सहा किलोचं. आईबाप पेठचे, द्राक्षबागेत मजुरीला. दोन दिवसांचे जुलाब-उलट्या. टाळू खोल गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. पहिल्या तासात १८० मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे शिरेतून द्यायचं सलाईन, आत जायला हवं होतं, आणि अशा कोरड्या पडलेल्या बाळाच्या शिरा नेमक्या लपून बसतात.

पिवळं इंट्राकॅथ घेतलं, म्हणजे शिरेत बसवायची बारीक सुई-नळी, २४ नंबरची. हाताच्या पाठीवर एक निळी रेघ दिसत होती. सुई टेकवली आणि टोक नाचायला लागलं. एकदा हुकलं. दुसऱ्यांदा रक्त मागे आलं, पण तेवढ्यात हात हलला, शीर फुटली आणि जागा फुगली.

बाळाची आई बघत होती. नवा ब्रदर बघत होता. तिसऱ्यांदा टोचायला हात उचलला आणि तोंडातून निघून गेलं, “माझा हात कापतोय. तू लाव.”

“सिस्टर, मला नाही जमणार.”

“मलाही जमत नाहीये. ये इकडे.”

बाळाचा पाय मी दोन्ही हातांनी धरला. धरायला कापरा हात चालतो. घोट्याच्या आतल्या हाडाच्या जरा पुढे एक शीर असते. ती दिसली नाही तरी तिथे असतेच. त्याला जागा दाखवली. मनात प्रार्थनेला शब्द नव्हते, नुसतं ‘प्रभू, प्रभू’. इंट्राकॅथमध्ये लाल थेंब उतरला तेव्हा ब्रदरच्या कपाळावरचा घाम चादरीवर पडला.

मी नाशिकच्या शरणपूरची. मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं इथे शिकली. पत्त्यातच ‘शरण’ असूनही मी कधी कुणाला शरण गेले नव्हते. त्या संध्याकाळी बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा १२वा अध्याय काढला. शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, आणि उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ आजाऱ्यांच्या उशाशी हे मी कितीदा वाचलंय! पुरे म्हणजे पुरेशी, एवढंच कळायचं. त्या दिवशी त्यात माझ्या आईचा आवाज आला, हट्ट करणाऱ्या पोराला दटावतानाचा: पुरे आता.

हात अजून कापतो. गोळी घेते. आता आधीच सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी बाळ वाटीचमच्याने जलसंजीवनी पीत होतं. आईने माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, “आमच्या सासऱ्याचाबी असाच कापतो, ताई. पेरायला तोच जातो.”